सोमवारी मिरजेला जायचंय

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं, बरं" म्हणून गप्प होतात आणि आई, तुझा आवाज भरून येतो. म्हणून सगळं लिहूनच पाठवते. दोघं मिळून वाचा. अक्षर लागलं नाही तर दादाला वाचायला बसवा.

तुम्हाला न विचारता जे करून बसले आहे ते आधी सांगते. बाबांच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी मिरजेच्या डॉक्टरांनी ज्या ट्रायलबद्दल, म्हणजे नव्या उपचाराच्या चाचणीबद्दल, सांगितलं, तिच्यासाठी सोमवारी सकाळी साडेनऊची वेळ घेतली आहे आणि बाबांचे सगळे रिपोर्ट पाठवले आहेत. तुम्हाला पुण्याला आणायचं नाही, हेही मीच ठरवलं. रागावू नका. सही मी केलेली नाही, करताही येत नाही, ती फक्त बाबांची. बाबांची सही होईपर्यंत ट्रायलसाठी रक्ताचा एक थेंबही कुणाला घेता येत नाही. आणि बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर नेहमीचे उपचार तिथेच, तेच डॉक्टर करणार आहेत. नकार दिला म्हणून काही कमी होणार नाही.

पुण्याला का नाही, याचा विचार मी चार रात्री केला. लाईटच्या, म्हणजे रेडिएशनच्या, ३० बैठका आहेत, आठवड्याला पाच, म्हणजे सहा आठवडे. मशीनखाली दहा-पंधरा मिनिटंच झोपायचं असतं. त्यासाठी पुण्यात रोज दीड तास गाडीत जाईल. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटून निघतं, घास उतरत नाही. तेव्हा आईच्या हातची पेज, स्वतःची कॉट, स्वतःचं न्हाणीघर आणि दुपारचा झोपाळा हेच लागणार. माझ्या फ्लॅटमध्ये यातलं काही नाही. किमोच्या दिवशी, दर गुरुवारी, मी तिथे असेन. बुधवारच्या रात्रीच्या गाडीची तिकिटंही काढली आहेत. आई, लोक विचारतील की पोरगी पुण्यात असताना इथे का. विचारू दे.

आता "आपल्यावर प्रयोग करणार" हे जे बाबांच्या मनात बसलंय, त्याबद्दल. बाबा, आरशात मानेवरचा व्रण बघा. गाल तर होताच, पण मानेत हाताला काहीही लागत नसताना मान का उघडली, म्हणून तुम्ही डॉक्टरांवर चिडला होतात. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात याच प्रश्नावर ट्रायल केली. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडलाय, मानेत गाठ लागत नाही, मग मान आत्ताच साफ करायची की गाठ आल्यावर? ५०० जणांचा निकाल २०१५ साली छापून आला. आधीच साफ केलेल्यांत तीन वर्षांनी १०० पैकी ८० जण हयात होते, थांबलेल्यांत ६७-६८. त्या लोकांनी सही केली म्हणून तुमच्या मानेतली ती लपलेली गाठ वेळेवर निघाली. तिचं आवरण फुटलेलं निघालं, म्हणूनच आता लाईटबरोबर किमोही आहे.

ही ट्रायल तिसऱ्या टप्प्याची आहे. दोन गट, आणि दोघांनाही पूर्ण नेहमीचे उपचार. लाईट ६० ग्रे (ग्रे हे लाईटच्या मात्रेचं माप), आणि आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध, अंगाच्या दर चौरस मीटरला ४० मिलिग्रॅम. बाबांची उंची आणि वजन धरून अंग साधारण १.६ चौरस मीटर भरतं, म्हणजे डोस ६४ मिलिग्रॅमच्या आसपास. दर आठवड्याला वजन करतील ते त्यासाठी, कंटाळू नका. याखेरीज एका गटाला रोज एक जादा गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कोणती, हे कॉम्प्युटर ठरवतो. तुम्हालाही कळत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. जीवावर बेतलं तरच ते उघडून बघता येतं. नुसत्या रिकाम्या गोळीवर तुम्हाला कुणी ठेवणार नाही, हे आईला दोनदा सांगा.

त्या जादा गोळीचा फायदा होईलच असं मी म्हणणार नाही. तोच तर प्रश्न आहे, आणि उत्तर माहीत असतं तर ट्रायल लागलीच नसती. त्रासही होऊ शकतो. तो माहितीपत्रकात लिहिलाय, वगळून वाचू नका. मला यात जमेची वाटते ती देखरेख. ठरलेल्या दिवशी रक्त, मूत्रपिंड, यकृत, कानांची तपासणी, आणि काही बिनसलं तर फोन उचलणारं नेमून दिलेलं माणूस. रोज हीच कामं करते म्हणून सांगते, ही नजर औषधाइतकीच मोलाची असते.

मराठी माहितीपत्रक दादाकडे आहे, १८ पानं. सोमवारच्या आत वाचा आणि शंका पेन्सिलीने समासात लिहा. वरच्या कोपऱ्यात सीटीआरआयचा नंबर आहे, ती सरकारी नोंद. २००९ पासून नोंदीशिवाय ट्रायल चालवता येत नाही. शेवटच्या पानावर वय, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि त्याखाली वारसाचं नाव, पत्ता, नातं असे रकाने आहेत. बाबा, तो वारसाचा रकाना पाहून धसका घेऊ नका. तो देशातल्या अशा प्रत्येक संमतीपत्रावर असतो, तुमची तब्येत पाहून छापलेला नाही. २०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई द्यावी लागते. भरपाईचं सूत्र वय आणि आजाराच्या जोखमीवर ठरतं. बँकेत खातं उघडताना लिहिता तसं आईचं नाव लिहा. गंभीर काही घडलं तर डॉक्टरांना २४ तासांत एथिक्स कमिटीला, म्हणजे ट्रायलमधल्या माणसांच्या हिताकडे बघणाऱ्या समितीला, कळवावं लागतं. त्या कमिटीत किमान सात जण असतात, त्यात एक कायद्याचा जाणकार, एक बाई आणि एक साधा बाहेरचा माणूस हवाच. त्यांचा फोन नंबर माहितीपत्रकातच आहे. सहीखाली तारीख बाबांनी स्वतःच्या हाताने घालायची, आणि एक प्रत घरी आणायची, "नंतर देतो" ऐकायचं नाही. मधेच नको वाटलं तर सोडता येतं, कारण सांगायचंही बंधन नाही.

आता कामं. दादालाही हे वाचून दाखवा.

ऑपरेशनला सोमवारी चार आठवडे होतात. लाईट सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी, आणि चेहऱ्याचा मास्क नि आखणी यातच आठवडा जातो. म्हणून ब्लॉक आधी. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, तो ब्लॉक. नुसत्या काचा (स्लाइड) दिल्या तर परत जा. रिपोर्टवरचा पॅथॉलॉजी नंबर टाकून अर्ज करायचा. घोटाळा याच पायरीवर होतो, आणि माणूस ट्रायलच्या अटींत बसत असूनही त्याला वेळेत घेता येत नाही. आणताना स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवू नका, मेण मऊ पडतं.

बाबांची ती हलणारी दाढ उद्याच दाखवा. काढायची असेल तर लाईटच्या आधी, जखम भरायला दहा-चौदा दिवस हवेत. लाईटनंतर दाढ काढली तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो.

गुडघ्याची मेडिकलमधली गोळी बंद. सिस्प्लॅटिनबरोबर ती मूत्रपिंडावर येते. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या पाकिटासकट न्या. वैद्यांचा काढाही सध्या नको. आई, तुझा विश्वास मला माहीत आहे. पण यकृताचे आकडे वाढले तर कशाने वाढले ते कळणार नाही आणि सगळीच औषधं थांबतील.

गोळीची रिकामी पाकिटं फेकायची नाहीत, मोजून परत द्यायची असतात. एक दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. उलटीत पडली तरी पुन्हा घ्यायची नाही, वहीत लिहायची. ट्रायलचं कार्ड सदऱ्याच्या खिशात ठेवा, रात्री दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं तरी तेच दाखवायचं.

ताप १००.४ झाला की आधी फोन, मग गोळी. क्रोसिन घेऊन पांघरूण ओढून झोपायचं नाही, पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना एक रात्रही महाग पडते. थर्मामीटर नवा घ्या, आपला कपाटातला भरवशाचा नाही.

आई, लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा. दिवसातून पाच-सहा वेळा चूळ, पाणी रोज नवं. आणि तुझी मिसरीची डबी बाबांच्या नजरेला पडू देऊ नकोस. खरं तर तूही सोड ना गं, माझ्यासाठी.

बाबा, लहानपणी कडू औषध पाजताना तुम्ही आधी गुळाचा खडा तळहातावर ठेवून दाखवायचात. माझ्याकडे तसा खडा नाही, गुरुवारी येणं तेवढं आहे. मान्य नसेल तर स्पष्ट नाही म्हणा, मला वाईट वाटेल म्हणून सही करू नका.

सोमवारी उपाशी जायचं आहे, पण पाणी चालतं. रेशन कार्ड आणि आधार दादाच्या पिशवीत घाला. ब्लॉक मिळाला का, ते शनिवारी रात्री फोन करून विचारते.

तुमची
चिमी