बाबांच्या टाचेला मध लावण्याआधी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, बाबांच्या टाचेच्या जखमेवर मध लावून पट्टी बांधते म्हणालीस, म्हणून लगेच लिहायला बसले. मधाने सूज उतरते हे तुझं म्हणणं खरंच आहे. आपल्या सोलापुरातच डॉ. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर हे करून पाहिलं होतं. निम्म्यांना मधाची पट्टी, निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे भाजल्यावर लावतात ते औषध. मधवाल्यांच्या जखमा लवकर भरल्या. १९९१ साली ते ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत छापून आलं.

मध जखमेतलं पाणी ओढून घेतो, म्हणून सूज ओसरते. त्या ओलाव्याने तो पातळ झाला की मधमाशीने त्यात सोडलेलं एन्झाइम थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड बनवत राहतं, त्याने जंतू मरतात. आमच्या वॉर्डात मधाची पट्टी सोडताना गॉज सहज सुटून येतं, खालची गुलाबी कातडी ओढली जात नाही. रुग्ण ओरडत नाही, याचंच मला फार वाटतं.

पण आई, आम्ही वापरतो तो मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. घरच्या बाटलीतल्या मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात. त्यात बाबांना शुगर. खडा रुतला तरी त्यांना कळलं नाही, म्हणजे पायाची जाणीव कमी झाली आहे. अशी जखम वरून सुकलेली दिसते आणि आत चिघळत जाते. ती आधी डॉक्टरांनी उघडून बघायलाच हवी.

बाबा, गुडघ्यांसाठी सकाळी कोमट पाण्यातून मध घेता, तो बंद करा. पोटात गेलेल्या मधाने गुडघ्याची सूज उतरते याला भक्कम आधार नाही, आणि लहान चमच्यातही सहा ग्रॅमच्या आसपास साखर जाते. आई, तू खोकल्यासाठी रात्री चमचाभर खुशाल घे. दादाच्या बाळाला मात्र वर्षाचं होईपर्यंत बोटभरही चाटवू नकोस.

उद्या सकाळीच दादाला घेऊन सर्जनकडे जा. शुगरचे रिपोर्ट न्या, आणि बाबा, दोन्ही पायांचे मोजे काढून दाखवा. मधाची पट्टी चालेल का, हे त्यांनाच विचारा. ते हो म्हणाले तर निर्जंतुक मधाची ट्यूब मी इथून पाठवते. तोवर सलाइनने धुऊन कोरडं गॉज, बाकी काही नाही. घरातही चप्पल घालायची.

तुमची,
ताई