भेगा बुजवण्याआधी पाण्याकडे पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की भुसावळ-जळगावचा पारा रोज पहिल्या पानावर असतो. केळीबागांची होरपळ, टँकरच्या खेपा, उष्माघात, सगळ्याची दखल घेतली जाते. याच महिन्यात तापीकाठच्या चोपडा, यावल, रावेर, शिंदखेडा भागात घरोघर भिंती तडकतात, त्याची मात्र बातमी होत नाही. माणसे ‘काळ्या मातीचा गुणच तो’ म्हणून सोडून देतात आणि दिवाळीला रंगाऱ्याकडून पुट्टी भरून घेतात. बांधकाम पर्यवेक्षक म्हणून नोकरी याच पट्ट्यात झाली, म्हणून दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

भेग कशी असते ते आधी सांगतो. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघते, विटांच्या दरजांवरून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत जोत्याला भिडते. मेअखेरीस तिच्यात दहा रुपयांचे नाणे उभे शिरते. अनंत चतुर्दशीच्या सुमारास पाहिले तर तिथे पोस्टकार्डही जात नाही. म्हणजे भेग ऋतूप्रमाणे उघडझाप करते. आपण ती नेमकी दिवाळीला, मिटलेली असताना बुजवतो आणि चैत्रात ती पुन्हा उघडली की गवंड्याला नावे ठेवतो. गवंडीही ‘भाऊ, सिमिट भरी टाकू, काही व्हत नई’ म्हणतो आणि थापी घेऊन बसतो. उलट मे महिन्यात ताठ सिमेंट ठासून भरले, तर पावसाळ्यात भिंत मिटायला बघते, मध्ये सिमेंट आडवे येते आणि शेजारी नवी भेग पडते.

दोष भिंतीचा नसतो, खालच्या मातीचा असतो. बेसाल्ट कुजून झालेल्या आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज भरपूर असते. त्याच्या थराथरांत पाणी शिरले की माती फुगते, उडून गेले की आकसते. शेतात मे महिन्यात काठी शिरेल एवढ्या भेगा पडल्या की आपण जमीन चांगली तापली म्हणून खूश होतो, आणि ते बरोबरच आहे. पण घराखाली हीच माती सगळीकडे सारखी सुकत नाही. मधल्या खोलीखाली ऊन लागत नाही, वारा लागत नाही, तिथली ओल टिकते. बाहेरच्या भिंतींखालची आणि त्यातही कोपऱ्यांखालची माती दोन्ही अंगांनी सुकते आणि बसते. कोपरा खाली जातो, मधला भाग जागेवर राहतो, भिंत तिरपी फाटते. आपल्या देशात काळ्या मातीतली ही उघडझाप साधारण 3.5 मीटर खोलीपर्यंत चालते असे धरतात. आणि आपल्याकडे घरांचे पाये किती खोल असतात? चार फूट, फार तर पाच.

आता माणसे स्वतःच्या हाताने काय करतात ते पाहा. मागच्या दारी मोरीचे पाणी सोडलेले असते आणि त्यावर भिंतीला लागून केळीची दोन-तीन खुंटे, एखादे पपईचे झाड, अळू. खान्देशातल्या घरामागे केळी नाही असे घर दाखवा! तो कोपरा बारमाही ओला. पुढच्या अंगणात सिमेंटचा कोबा नाही, नळही नाही, तो कोपरा मार्चपासून भाजतो. एकाच घराचा एक कोपरा फुगलेला आणि दुसरा बसलेला. त्यात गच्चीवरच्या पाण्याचा पाइप जोत्याच्या पायाशीच मोकळा सोडलेला असतो. पहिल्या पावसाचे सगळे पाणी तापून भेगाळलेल्या मातीत थेट पायापर्यंत उतरते. शोषखड्डा भिंतीपासून चार हातांवर. दारातला कडुनिंब ओल ओढतो ते वेगळेच. झाडाच्या उंचीइतके अंतर घरापासून हवे, असा एक ढोबळ नियम आहे. पण हे वाचून कोणी उद्या निंब तोडू नये. मोठे झाड एकाएकी तोडले की मुळांनी ओढायचे पाणी मातीतच राहते आणि तीच जागा पुढची काही वर्षे फुगत राहते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की दुरुस्तीचा पहिला पैसा भेगेवर नको, पाण्यावर घाला. मोरीचे पाणी बंद नळीने घरापासून लांब न्या. पन्हाळीचे पाणी पाइपने गटारात किंवा लांबच्या खड्ड्यात सोडा. घराभोवती दीड-दोन मीटर रुंदीचा कोबा किंवा फरशी करा, उतार बाहेर असू द्या, आणि भिंत व कोबा यांच्या सांध्यात डांबर भरा. सांधा ताठ केला तर तोही फुटतो. केळी हवीच असेल तर ती त्या कोब्याच्या पलीकडे. मग भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून मधले अंतर आणि तारीख तिथेच भिंतीवर लिहा. मे आणि सप्टेंबर, दोन्ही वेळची मोजमापे हातात येऊ द्या. नुसते पाणी आवरल्यावर बऱ्याच घरांची हालचाल इतकी कमी होते की पुढे फारसे काही करावे लागत नाही. त्यानंतर भेग व्ही आकारात खोदून, ब्रशने साफ करून, ओली करून, सिमेंट-चुना-वाळू 1:1:6 अशा मऊ मालाने भरावी आणि वरून जाळी लावून गिलावा करावा. थोडी हालचाल उरलीच असेल तर ताणले जाणारे सीलंट भरावे. पुट्टी हे रंगाचे काम आहे, दुरुस्तीचे नव्हे.

सगळ्याच भेगा पायाच्या नसतात, हेही सांगायला हवे, कारण घाबरलेल्या माणसाला लाखाचे काम सांगणारे बरेच भेटतात. सर्वांत वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या लगेच खाली भिंतीतून सरळ आडवी रेघ गेली असेल तर ती उन्हाची. दहा मीटर लांबीचा स्लॅब 30 अंशांच्या फरकाने सुमारे 3 मिलिमीटर लांबतो आणि भिंतीला घेऊन सरकतो. तिथे पाया खणून काही मिळत नाही. गच्चीवर पांढरा थर दिला, चिनी मातीच्या तुकड्यांचा कोबा केला, तर भिंतीलाही आराम आणि घरालाही.

भेग दरवर्षी वाढतच असेल, पावसाळ्यातही मिटत नसेल, ओळंबा लावल्यावर भिंत झुकलेली दिसत असेल, तर मात्र पायाखालून नवा आधार देण्याशिवाय गत्यंतर नाही. हे काम स्थापत्य अभियंत्याच्या देखरेखीशिवाय करू नये. एका वेळी मीटर-सव्वा मीटरचाच तुकडा खोदायचा, भरायचा, पक्का होऊ द्यायचा, मग एक सोडून पुढचा. सगळी भिंत एकदम मोकळी करून ठेवणारे ठेकेदार मी पाहिले आहेत. अशा भिंतीखाली मजूर उतरवणे म्हणजे जिवाशी खेळ.

आमच्या आजोबांच्या पिढीला हे गणित पुस्तकातून कळले नव्हते, पण जागा निवडताना चुकत नव्हते. गावठाण पांढरीवर असे, काळी शेतीला. घर धाब्याचे, भार लाकडी खांबांवर आणि भिंत मातीच्या मालात, जरा हलली तरी सावरून घेणारी. आता शहराभोवतीच्या कपाशीच्या काळ्या रानात एनए (बिगरशेती) प्लॉट पडतात, त्यावर वीट-सिमेंटची ताठ घरे उभी राहतात आणि पायातून निघालेली काळी मातीच जोत्यात भरावाला जाते. ट्रॅक्टरचा खर्च वाचतो ना! दोन पावसाळ्यांनी हॉलमधली फरशी मध्येच उचलली जाते, कपाटाचे दार लागत नाही. भराव मुरमाचाच हवा, वीतभर थर टाकून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून. काही जण पायाखाली नुसती वाळू भरतात आणि निर्धास्त होतात. वाळू फुगत नाही हे खरे, पण वाळूतून पाणी सहज उतरते आणि बाहेर जायला वाट नसेल तर काळ्या मातीच्या त्या खड्ड्यात साठून राहते. मुंबईच्या आयआयटीत डॉ. कट्टी यांनी 1970च्या दशकात न फुगणाऱ्या पण चिकटून बसणाऱ्या मातीचा थर घालण्याची जी पद्धत मांडली, तिच्या निकषात बसणारा मुरूम आपल्याकडच्या खाणींत मिळतो. फक्त तपासून घ्यावा लागतो.

नवीन घर खोल काळीत बांधायचे असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी कंद असलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब, आहेत. हाताच्या ऑगरने (मोठ्या गिरमिटाने) साडेतीन मीटर किंवा अधिक खोल भोक पाडायचे, तळाशी दांड्याच्या अडीचपट रुंद कंद कोरायचा, सळया टाकून काँक्रीट भरायचे. वर जो बीम येतो त्याच्या आणि जमिनीच्या मध्ये किमान 80 मिलिमीटर मोकळी जागा ठेवायची, म्हणजे फुगलेली माती बीमला खालून उचलत नाही. ही मोकळी जागा पुष्कळ गवंडी ‘खालून पोकळ कशाला’ म्हणून मातीने भरून टाकतात, तिथे मालकाने उभे राहावे. भारतीय मानक 2911चा तिसरा भाग यासाठीच आहे. आणि काँक्रीट, गिलावा काहीही असो, आपल्या उन्हाळ्यात किमान 10 दिवस, पीपीसी (राख मिसळलेले) सिमेंट असेल तर 14 दिवस पाणी मारत राहा. सकाळ-संध्याकाळ एकेक बादली शिंपडून भागत नाही, गोणपाट ओले राहिले पाहिजे. टंचाईत हे जड जाते, म्हणूनच ओतकाम मे महिन्यात काढू नये.

मातीचा स्वभाव कळायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. बारीक चाळलेली वाळकी माती 10-10 ग्रॅम दोन काचनळ्यांत घ्यायची, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, आणि 24 तास ठेवायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमधल्या मातीच्या तुलनेत पाण्यातल्या मातीचे आकारमान 50 टक्क्यांहून जास्त वाढले की सावध व्हावे, 100 टक्क्यांहून जास्त वाढले तर साध्या पायाचा विचार सोडावा. (रेशनचे रॉकेल आता पाहायलाही मिळत नाही, हा भाग वेगळा.) जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय तंत्रनिकेतने आहेत. नाममात्र शुल्कात ही चाचणी घर बांधणाऱ्यांसाठी खुली केली, तर विद्यार्थ्यांनाही सराव होईल.

शासनाकडे दोन मागण्या आहेत. ले-आउट मंजूर करताना प्रत्येक प्लॉटमध्ये नसेल तरी निदान दोन-चार ठिकाणी खड्डे घेऊन काळी माती किती खोल आहे आणि किती फुगते, याची नोंद नकाशावरच छापावी. प्लॉट विकत घेणाऱ्याला सातबारा दिसतो, रस्त्याची रुंदी दिसते, पायाखाली काय आहे ते दिसत नाही. घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या रेरा कायद्यात रचनेतील दोषांसाठी ताबा दिल्यापासून 5 वर्षे विकासकाची जबाबदारी आहे खरी, पण सुटा प्लॉट घेऊन स्वतः घर बांधणाऱ्याला तिचा उपयोग नाही, आणि आपल्याकडे बहुतेक लोक तेच आहेत.

दुसरी मागणी घरकुलाची. पंतप्रधान आवास योजनेत ग्रामीण भागातल्या सपाटीवरच्या घराला मूळ मदत 1 लाख 20 हजार रुपयांची. साक्रीकडच्या माळावर हात-दोन हातांत मुरूम लागतो, तिथे तेवढेच; तापीकाठी खोल काळी, तिथेही तेवढेच. मग काळीतला लाभार्थी पाया आखडतो, दुसरे काय करील? काळ्या मातीच्या गावांची यादी करून पायासाठी वेगळी रक्कम राज्याने आपल्या वाट्यातून द्यावी. मृग तोंडावर आहे, नवे घरकुल मंजूर झालेल्यांचे पाये दिवाळीनंतर खोदले जातील. तोवर ही यादी होणे अवघड नाही. कुठल्या गावात काळी किती खोल आहे, हे तिथल्या विहिरी खोदणाऱ्यांना आजही तोंडपाठ आहे.

आपला,
एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक
चोपडा, जि. जळगाव