विषय : ‘सुपर फीव्हर पॅकेज’च्या फॉर्ममध्ये प्रवासाचा रकानाच नाही, रिफंडही नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

आत्ताच तुमच्या लॅबच्या माणसाने “रिपोर्ट पॅकेजप्रमाणेच आहे, रिफंड बसत नाही” म्हणून फोन ठेवला. म्हणून हे लेखी.

धाकटा भाऊ टांझानियात बोअरवेलच्या मशीनवर असतो. जालन्याला घरी आला अन् हुडहुडी भरून ताप, वर खोकला. म्हणून तुमचं तापाच्या तपासण्यांचं हे पॅकेज बुक केलं. रक्त न्यायला आलेल्या पोराला सांगितलं, हा आफ्रिकेतून आलाय. तो म्हणे, ॲपमध्ये तसा रकाना नाही. मग हेल्पलाइन. तो संवाद जसाच्या तसा देतो :

“ताई, पेशंट टांझानियातून आलाय, मलेरिया बघा.”
“पिनकोड सांगा सर.”
“जालन्याचा दिलाय की.”
“टांझानियाचा सर. त्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही.”
“अहो, तो देश आहे!”
“ओके सर. तालुका?”

मी गप्पच झालो. तर तिकडून, “सर, आपण लाइनवर आहात का?” शेवटी कळलं, मलेरिया पॅकेजमध्ये नाहीच; वेगळा बुक करा, स्लॉट परवाचा. मग ‘सुपर’ नेमकं काय, ते तुम्हालाच ठाऊक.

रिपोर्टात वायडल (टायफॉईडसाठीची रक्ततपासणी) 1:80, खाली ‘टायफॉईडची शक्यता’. तुमच्या फोनवरच्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध सांगितलं. एवढी वायडल आपल्याकडे धडधाकट माणसातही येते, टायफॉईड ठरवायला रक्ताचं कल्चर लागतं, हे लॅबवाल्यांना मी सांगायचं? इथल्या डॉक्टरांनी आधी विचारलं, “कुठून आला, कधी आला?” मलेरियासाठी रक्ताची पहिली स्लाइड निगेटिव्ह आली तरी सोडलं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली. फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा घातक प्रकार निघाला. त्यातही खोकला येतो, धाप लागते. उशीर झाला की मेंदू, किडनीवर जातं. भावाला आयसीयूत ठेवावं लागलं.

फॉर्ममध्ये शाकाहारी की मांसाहारी विचारता, प्रवास विचारत नाही. आमच्या गल्लीतले चाचा उमऱ्याहून, म्हणजे मक्केच्या यात्रेहून खोकत आले, तेही तुमच्याकडेच रक्त तपासायला देतात. सौदीहून आल्यावर 14 दिवसांत ताप-खोकला झाला तर मर्स हा कोरोनाच्या जातीतल्या विषाणूचा श्वसनाचा आजारही डोक्यात ठेवावा लागतो. पण रकानाच नाही, तर कळणार कुणाला?

पॅकेजचे पूर्ण पैसे परत करा आणि तो रकाना टाका. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाईन. कॉलचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. आजवर चार लोकांना मीच तुमचं नाव सांगत होतो, आता तेही बंद. आणि ‘पाच स्टार द्या’चे मेसेज तेवढे थांबवा.

एक ग्राहक, जालना