बेसी स्मिथच्या जागी तीन मिनिटे खरखर : केंद्रसंचालकांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रसंचालक,
स्थानिक एफएम केंद्र
(गावाचे नाव मुद्दाम गाळले आहे. ज्याचे त्याला कळेलच.)

स. न. वि. वि.

30 एप्रिलच्या आंतरराष्ट्रीय जॅझ दिनाचे निमित्त साधून आपण 24 तारखेपासून सात रात्री, 9 ते 10, जॅझ-ब्लूज सप्ताह लावलात. त्याबद्दल आधी मनापासून आभार. जिल्ह्याच्या गावी हे कोणाला सुचावे हेच विशेष. यापुढे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी हा तास कायम राहील, असेही आपण घोषणेत सांगितले होते. परवा आपल्या कार्यालयाचे दोन ओळींचे उत्तर हाती पडले : श्रोत्यांचा प्रतिसाद अल्प असल्याने सदर कार्यक्रम पुढे चालू ठेवता येणार नाही.

प्रतिसाद अल्प म्हणे! श्रोत्यांच्या कानावर नेमके काय पडले, ते आधी बघा.

दुसरी रात्र घ्या. निवेदकाने सांगितले, आता ब्लूज गायिका बेसी स्मिथ गाते आहे, 1925 ची तबकडी, साथीला तरुण लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट (ट्रम्पेटचा धाकटा भाऊ). आणि पुढची तीन मिनिटे नुसती खरखर. ना बाई, ना कॉर्नेट. मध्येच पाण्याखालून कोणी कुजबुजावे तसा एखादा सूर. निवेदकाने शेवटी 'वा!' म्हटले. कशाला, ते त्यालाच ठाऊक.

बाहेर बसूनही हे दुखणे ओळखता येते. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातला स्टिरिओ प्लग सरळ मिक्सरच्या एका बॅलन्स्ड इनपुटमध्ये खुपसला होता. हेडफोनच्या प्लगमध्ये टोकाला डावा आवाज असतो आणि मधल्या कड्याला उजवा. बॅलन्स्ड इनपुट टोकातून कडे वजा करते, तो त्याचा धर्मच आहे. म्हणजे डाव्यातून उजवा वजा. जुनी तबकडी मोनो, दोन्ही बाजूंना तोच आवाज, त्यामुळे वजाबाकीत गाणे शून्य आणि उरली ती दोन बाजूंना वेगवेगळी असलेली खरखर. मीटर पडलेला दिसला म्हणून कोणीतरी फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर ढकलला असणार, तशी खरखर आणखी चढली. काटा हलतोय ना, मग कार्यक्रम चालू आहे! पहिल्या रात्री हे लक्षात आले नाही, कारण तेव्हा 1960 च्या आसपासच्या स्टिरिओ रेकॉर्डी होत्या. त्यांत ड्रम एका कानात, सॅक्सोफोन दुसऱ्या कानात अशी वाद्ये फेकलेली असतात, म्हणून निभावून गेले. पण मधोमध असलेला गायक त्या रात्रीही भुतासारखाच गात होता.

उपाय सांगू? एका बाजूला छोटा स्टिरिओ प्लग आणि दुसऱ्या बाजूला दोन मोठे मोनो प्लग असलेली वायर. काही शे रुपयांचे काम. दोन प्लग दोन चॅनेलना, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. गुणगुण आली तर मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे ती गुणगुण तोडणारी डबी. मग एखादी मोनो तबकडी लावून ऐकायची : आवाज भरीव आणि मधोमध आला की जोडणी ठीक, पोकळ आला किंवा गायब झाला की चूक. दोन मिनिटांची तपासणी. आणि ड्यूटी रूममध्ये एक साधा रेडिओ लावून ठेवा हो, स्वतःचे प्रक्षेपण स्वतः ऐकण्यासाठी. सात रात्रींत केंद्रातल्या एकाही माणसाने तो लावला नसावा.

चौथ्या रात्री वायरीचा दोष जाणवला नाही, पण नवीन निघाला. बेसचा सोलो चालू होता. त्यात बाकीची वाद्ये थांबतात, ड्रमवाला ब्रश घेऊन कातडे नुसते कुरवाळतो, आवाज खाली येतो. दहाएक सेकंद झाले आणि धाडकन केंद्राची धून! मग भक्तिगीत. हे काम बहुधा सायलेन्स सेन्सरचे. आवाज ठरलेल्या पातळीच्या खाली ठरावीक सेकंद राहिला की यंत्राला वाटते स्टुडिओ मेला, आणि ते राखीव आवाज सोडते. भाषणे आणि सिनेमाची गाणी यांच्या हिशेबाने लावलेला सेन्सर जॅझला चालत नाही. त्या एका तासापुरती पातळी खाली आणा, मुदत 30 सेकंद करा. तसेच प्रोसेसरचे, म्हणजे प्रक्षेपणाआधी आवाज एकसारखा करणाऱ्या यंत्राचे. त्याची आपोआप आवाज उचलण्याची खोड त्या तासाला आवरा, नाहीतर हलका पियानो आणि पूर्ण बँड एकाच उंचीवर येतात आणि दोन सुरांच्या मधला खोलीचा श्वास भात्यासारखा फुगतो. एफएमवर 50 मायक्रोसेकंदांचा प्रि-एम्फसिस आधीच वरचे सूर उचलून देतो. त्यावर लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादा घालणारे यंत्र) घट्ट आवळला की म्यूट, म्हणजे तोंडाला बूच, लावलेला ट्रम्पेट आणि झांजा फुटतात. ट्रम्पेट मच्छरासारखा का वाजत होता, त्याचे उत्तर हे.

यंत्राचे एकवेळ सोडा. पण माणसांनी काय केले? साडेतीन मिनिटे झाली की फेड. सोलो अर्ध्यावर, फेड! ख्यालात तिहाई समेवर यायच्या आत माईक बंद केला तर तुमच्याच श्रोत्यांनी केंद्रावर मोर्चा आणला असता. ब्लूजचे आवर्तन 12 बारांचे (हा बार पिण्याचा नव्हे), प्रत्येकात चार ठोके. मिनिटाला 120 ठोक्यांची लय असेल तर एक आवर्तन बरोबर 24 सेकंदांचे. कापायचेच असेल तर आवर्तन संपल्यावर कापा, एवढे गणित पाचवीतले पोर करील. शब्दांचेही तेच : पहिली ओळ, तीच पुन्हा, मग तिसरीत उत्तर. आपले निवेदक नेमके उत्तराच्या ओळीवर बोलायला लागायचे. 1955 पासून व्हॉइस ऑफ अमेरिकेच्या शॉर्टवेव्हवर विलिस कोनोव्हर जॅझ लावायचा. इंग्रजी बेताचे असणाऱ्यांसाठी मुद्दाम सावकाश बोलायचा, आणि वाजायला लागले की गप्प बसायचा. आपल्याकडे पाचव्या रात्री ब्लूजच्या नावाखाली तीन दर्दभरी सिनेगीते लावली गेली. ब्लू म्हणजे उदास, उदास म्हणजे विरहगीत. धन्य!

सात रात्रींची 420 मिनिटे. माझ्या अंदाजाने त्यात जॅझ-ब्लूज दीडशेच्या वर नसेल. 160 धरा, भांडत नाही. शेवटच्या रात्री, म्हणजे ज्या दिवसासाठी हा खटाटोप त्याच दिवशी, 9 वाजून 20 मिनिटांनी वरून सहक्षेपण आले आणि तास संपला.

आता म्हणे, परदेशी संगीताच्या हक्कांचाही प्रश्न आहे. आपल्याच कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे चालतो, म्हणजे 1964 पर्यंतची मुद्रणे 1 जानेवारी 2025 पासून मोकळी. रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे. बेसीने गायलेल्या 'सेंट लुइस ब्लूज'चा रचनाकार डब्ल्यू. सी. हँडी 1958 मध्ये गेला, म्हणजे रचनाही मोकळी आणि ती तबकडीही. जॅझचा रचनाकार जेली रोल मॉर्टन 1941 मध्ये गेला, ब्लूजचा रॉबर्ट जॉन्सन 1938 मध्ये, म्हणजे त्यांच्याही रचना मोकळ्या. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या जुन्या मुद्रणाचा हक्क संपला तरी त्याच्या रचनेचा नाही, तो 1991 मध्ये गेला. तिथे परवाना घ्या, क्यू शीटवर (काय वाजवले त्याच्या नोंदपत्रावर) रचनाकार, वादक, कंपनी, वर्ष आणि मिनिटे लिहा, झाले. पण क्यू शीट भरायची म्हणजे कोणीतरी खुर्चीत बसलेले हवे.

आणि परदेशी कोणाला म्हणता? 1935 मध्ये अमेरिकन लिऑन ॲबीचा जॅझ बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजला, तेव्हापासून ही वाद्ये आपल्या कानांवर आहेत. गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो वाझ ट्रम्पेट घेऊन मुंबईत चिक चॉकलेट झाला आणि आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचा साथीदार. 'अलबेला'वर नाचणारी पिढी जॅझवरच नाचत होती, फक्त तिला कोणी सांगितले नव्हते. 1978 पासून जॅझ यात्रा हा महोत्सव मुंबईच्या रंगभवनात भरायचा. सप्ताहात यातले किती आले? शून्य.

पण तुमचे एकट्याचे काय चुकले म्हणा. या देशाच्या रेडिओने 1940 मध्ये हार्मोनियमला दाराबाहेर ठेवले ते तीस वर्षे. 1952 मध्ये नभोवाणी मंत्री केसकरांनी सिनेगीतांना हाकलले, श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले, मग 1957 मध्ये विविध भारती काढून त्यांना परत बोलवावे लागले. श्रोत्याला काय आवडते हे त्याच्याऐवजी वर बसलेल्यानेच ठरवायचे, आणि श्रोता निघून गेला की त्याच्याच नावाने शेरा मारायचा. तेव्हा निदान ठरवणारा माणूस तरी होता, रागवायला एक चेहरा होता. आता संगणकाची यादी, नैमित्तिक उद्घोषक आणि राजधानीहून येणारे सहक्षेपण. स्थानिक केंद्रात स्थानिक उरले ते विजेचे बिल.

'प्रतिसाद अल्प' हे कोणत्या मोजणीवरून, ते विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांच्या शुल्कासह टाकला आहे. 30 दिवस आहेत. त्यात एक महिनाअखेर येतेच. त्या शनिवारी रात्री 9 वाजता रेडिओ लावून बसणार आहे.

ती वायर तेवढी बदला.

आपला,
खरखर ऐकलेला एक श्रोता