जपानमधील पगार सांगताना तिथल्या तांदळाचा भावही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या टोकियो भेटीत भारत आणि जपान यांनी मनुष्यबळाच्या देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला. पाच वर्षांत दोन्ही देशांत मिळून पाच लाख लोकांची ये-जा व्हावी आणि त्यांत भारतातून जपानला जाणारे ५० हजार कुशल कर्मचारी असावेत, असे त्याचे उद्दिष्ट आहे. जपानी भाषेच्या अभ्यासात पुण्याचे नाव आधीपासूनच मोठे असल्यामुळे आपल्या मुलामुलींना या संधीचा लाभ होईल, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु तेव्हापासून ‘जपानमध्ये दरमहा लाख रुपये’ अशा ज्या जाहिराती माझ्या नात्यागोत्यातील मंडळी मला पडताळणीसाठी पाठवतात, त्यांत पगाराचा आकडा रुपयांत असतो आणि किराण्याच्या खर्चाचा उल्लेखही नसतो. टोकियोत संसार करणारी एक गृहिणी म्हणून याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

जपानमध्ये भाव वाढत नाहीत, ही समजूत आपल्याकडे अजूनही आहे, आणि २०२१ पर्यंत ती बरीचशी खरीही होती. त्यानंतर युक्रेनच्या युद्धाने गहू, तेल आणि जहाजभाडे महागले आणि त्याच सुमारास येन घसरत गेला. उष्मांकांच्या हिशेबाने आपल्या अन्नापैकी जेमतेम ३८ टक्के अन्न स्वतः पिकवणाऱ्या देशात चलन घसरले की त्याची झळ थेट स्वयंपाकघराला लागते. २०२२-२३ च्या हंगामात बर्ड फ्लूमुळे सुमारे पावणेदोन कोटी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि अंडी महागली. जानेवारी २०२५ मध्ये कोबीचा भाव नेहमीच्या तिपटीवर गेला.

पण घराघराचे अंदाजपत्रक खऱ्या अर्थाने कोलमडले ते तांदळामुळे. ५ किलोच्या पिशवीचा सरासरी भाव २०२४ च्या वसंतात २ हजार येनच्या आसपास होता, तो मे २०२५ मध्ये ४,२८५ येनवर पोहोचला. याची कारणे एका हंगामातली नाहीत. भाव पडू नयेत म्हणून भाताचे क्षेत्र कमी ठेवण्याचे धोरण तिथे १९७० च्या सुमारास सुरू झाले. ते कागदोपत्री २०१८ मध्ये संपले, तरी भाताऐवजी दुसरे पीक घेणाऱ्यांना अनुदान मिळतच राहिले. त्यात २०२३ च्या कडक उन्हाळ्याने दाण्याची प्रत बिघडली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मोठ्या भूकंपाच्या शक्यतेचा सरकारी इशारा आल्यावर लोकांनी साठा करण्यासाठी दुकाने रिकामी केली. आमच्या भागातील दुकानात ‘एका कुटुंबास एकच पिशवी’ अशी पाटी लागली आणि पुढे कित्येक दिवस त्या फळीवर पाटीखेरीज काहीही नव्हते. बाहेरून तांदूळ आणावा, तर सवलतीच्या कोट्यापलीकडील आयातीवर किलोमागे ३४१ येन जकात आहे. आपल्या गावाहून बॅगेत भरून नेण्याचा विचार अनेक आई-वडील करतात, पण त्यासाठी पीक-तपासणीचे सरकारी प्रमाणपत्र लागते, हे त्यांना ठाऊक नसते.

‘मला तांदूळ कधी विकत घ्यावाच लागला नाही, समर्थक भरपूर देतात’ अशा आशयाचे विधान केल्यामुळे मे २०२५ मध्ये कृषिमंत्री ताकु एतो यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्यानंतर आलेल्या शिंजिरो कोइझुमी यांनी सरकारी गोदामांतील जुना तांदूळ ५ किलोला २ हजार येनच्या आसपास विक्रीस आणला. जुन्या तांदळाला वास येतो म्हणून काही जपानी ग्राहक कुरकुरले, पण आपल्याकडे जुन्या तांदळाला मानच आहे; आम्हाला तो आनंदाने चालला असता. अडचण भाषेची होती. विक्रीच्या सूचना, नोंदणीचे अर्ज, दुकानांची पत्रके सारे जपानीत असल्यामुळे, नुकत्याच आलेल्या मुलांना बातमी कळेपर्यंत पहाटेपासून लागलेल्या रांगा संपून माल उठलेला असे. त्या उपायाने उन्हाळ्यात भाव काहीसे उतरले खरे, परंतु नवे पीक बाजारात आल्यावर ते पुन्हा ४ हजारांच्या वर गेले.

या काळात तांदळाच्या टंचाईचा दोष परदेशी लोकांवर टाकणारी भाषाही ऐकू आली, आणि तिने मला फार वेदना झाल्या. परदेशी पर्यटकांनी खाल्लेला तांदूळ हा देशाच्या एकूण खपाच्या एका टक्क्याहूनही कमी भरतो. २०२४ अखेर जपानमध्ये राहणाऱ्या परदेशी नागरिकांची संख्या सुमारे ३७ लाख ७० हजार होती. हे लोक तिथे कर भरतात, विम्याचे हप्ते भरतात, आणि अन्नावरील ८ टक्के उपभोग कर दुकानाच्या गल्ल्यावर इतरांइतकाच देतात.

आता नव्याने जाणाऱ्या मुलामुलींचा हिशेब पाहू. २०२४-२५ या वर्षी देशाचे सरासरी किमान वेतन तासाला १,०५५ येन होते. म्हणजे तांदळाची एक पिशवी घ्यायला पूर्वी दोन तासांचे वेतन पुरत असे, ते मे २०२५ मध्ये चार तासांचे लागू लागले. वेतन वाढले, पण तांदळाच्या वेगाने नाही. दोन्ही वेळा भात खाणाऱ्या मुलाला ५ किलो महिनाभर पुरत नाहीत. जाहिरातीतल्या पगारातून आरोग्यविमा, निवृत्तिवेतनाचा हप्ता, आयकर आणि राहण्याचे भाडे वजा होते. रहिवासी कर तर आदल्या वर्षीच्या मिळकतीवर लागतो, त्यामुळे तो दुसऱ्या वर्षी सुरू होतो आणि हातात येणारी रक्कम अचानक कमी झालेली पाहून मुले गोंधळतात. शिवाय घरी पैसे पाठवायचे असतात. २०२० च्या अखेरीस ५० हजार येन पाठवले तर घरी सुमारे ३५ हजार रुपये पोहोचत. जुलै २०२४ मध्ये तेवढ्याच येनचे जेमतेम २६ हजार झाले. येन घसरल्याने तिथला किराणा महागतो आणि घरी पोहोचणारी रक्कमही घटते, असा हा दुहेरी मार आहे.

माझ्या परिचयातील एक तरुणी वृद्धांच्या सेवागृहात काम करते. तिथे जेवणाचे पैसे पगारातून परस्पर कापले जातात. पण ती शाकाहारी आहे आणि तिथले सूप, भाज्या, अगदी डाळीसारखे दिसणारे पदार्थही वाळवलेल्या माशाच्या अर्कात शिजवलेले असतात. त्यामुळे ती न खाल्लेल्या जेवणाचे पैसे भरते आणि खोलीवर येऊन स्वतःचा स्वयंपाक वेगळा करते. तूरडाळ, कणीक, पोहे यांसाठी टोकियोतील निशिकासाईसारख्या भागात भारतीय दुकाने आहेत, पण ती जपानच्या ग्रामीण भागात राहत असल्याने तिला सामान टपालाने मागवावे लागते आणि वर पाठवणीचा खर्च पडतो. संध्याकाळी उशिरा दुकानदार उरलेल्या मालावर निम्म्या किमतीची चिठ्ठी लावतात, तेव्हा ती जाते. बाजारात सर्वांत स्वस्त मिळतात ते ‘मोयाशी’, म्हणजे लांब शेपटीचे पाणीदार मोड आलेले मूग. त्यांची उसळ दाट होत नाही, म्हणून ती त्यांत थोडी डाळ घालते. तिची काटकसर कौतुकास्पद आहे. परंतु निघण्यापूर्वी कोणीतरी तिला हे सांगायला हवे होते, असे मला तीव्रतेने वाटते.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. मुलांना जपानला पाठवणाऱ्या संस्थांनी पगार येनमध्ये, सर्व वजावटी दाखवून आणि दुसऱ्या वर्षीचा रहिवासी कर धरून सांगावा. त्याच कागदावर तांदूळ, डाळ, तेल, दूध आणि भाजी यांचे त्या गावातील चालू भाव द्यावेत आणि ते दर सहा महिन्यांनी नव्याने तपासावेत. जेवणाची वजावट सक्तीची आहे की ऐच्छिक, हे करारावर सही करण्यापूर्वी मराठीत लिहून द्यावे. भाषावर्गांत अभिवादनाचे धडे देतात, तसे वेष्टनावरील घटक वाचणे आणि दुकानाचे पत्रक समजून घेणे हेही पहिल्या महिन्यातच शिकवावे. राज्य शासनाच्या कौशल्य विकास विभागाने संस्थांकडून असा तपशील सक्तीने घ्यावा, आणि आपल्या दैनिकानेही परदेशी नोकऱ्यांविषयीच्या मजकुरात तो आवर्जून मागावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, टोकियो (मूळ गाव सातारा)