जुन्या घरात लाकूड आणि पेलेट दोन्ही असावीत, पण धुरांडी वेगळी हवीत

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दरवर्षी थंडी वाढली की वेण्णा तलावाकाठच्या हिमकणांची छायाचित्रे छापून येतात आणि ते हिमकण पाहण्यासाठी पर्यटकांची गर्दीही होते. परंतु त्याच दिवसांत महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या घरांत राहणारी माणसे ऊब कशी मिळवतात, त्यासाठी काय जाळतात आणि त्यात कोणते धोके पत्करतात, याविषयी फारसे लिहिले जात नाही. गेले चार हिवाळे पाचगणीतील आमच्या घरात मी लाकूड आणि पेलेट अशी दोन्ही इंधने वापरत आहे. पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्या. या काळात झालेल्या चुका इतरांकडून होऊ नयेत आणि त्यानिमित्ताने एक मागणी संबंधितांपर्यंत पोहोचावी, म्हणून हे पत्र.

आमचे घर जांभ्या दगडाचे, चुन्यात बांधलेले आणि शंभर वर्षांपलीकडचे आहे. भिंती दोन फूट जाड, वर लाकडी तक्तपोशी, तिच्यावर मोकळी जागा आणि मग पत्रा. शेजारशेजारच्या दोन खोल्यांत पाठीला पाठ लावून दोन फायरप्लेस आहेत आणि दोन्हींचा धूर एकाच रुंद धुरांड्यातून वर जातो. ज्यांनी अशी घरे पाहिली आहेत, त्यांना हेही ठाऊक असेल की फायरप्लेससमोर बसलेल्याचे तोंड भाजते आणि पाठ गारठते. उघड्या फायरप्लेसमधली बहुतेक उष्णता धुरांड्यातून निघून जाते. शिवाय खोलीतली गरम हवाही तिच्याबरोबर ओढली जाते आणि तेवढीच गार हवा दारा-खिडक्यांच्या फटींतून आत येते. अशा आगीत कितीही लाकूड घातले तरी घर तापत नाही. जाड भिंतींच्या घराला दोन तासांची मोठी आग उपयोगाची नसते. त्याला लहान पण सलग ऊब लागते, कारण भिंत हळूहळू तापते आणि एकदा तापली की रात्रभर ती ऊब परत देत राहते. म्हणून आम्ही सर्वांत आधी तक्तपोशीच्या फटी बुजवल्या आणि खिडक्यांना जाड पडदे लावले. या कामाचा खर्च सर्वांत कमी आला आणि फरक सर्वांत अधिक पडला, हे मुद्दाम नोंदवतो.

त्यानंतर एका खोलीत लाकडाची बंद लोखंडी शेगडी बसवली आणि दुसऱ्या खोलीत, जिथे आमच्या आई झोपतात, तिथे पेलेटची शेगडी ठेवली. पेलेटच्या शेगडीत मागच्या कोठीतून एक स्क्रू थोडेथोडे पेलेट पुढच्या भांड्यात टाकत राहतो, विजेवर तापणारी कांडी ते पेटवते आणि पंखा हवा पुरवून धूर बाहेर ढकलतो. एकदा लावून दिली की तीन-चार तास तिच्याकडे पाहावे लागत नाही. आईंना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. बटण दाबून खोली गरम होते, याचे त्यांना फार अप्रूप वाटले.

चूक झाली ती धुरांड्यात. "एवढे मोठे धुरांडे आहे, दोन काय, चार नळ्या मावतील," असे शेगडी विकणाऱ्याने सांगितले, आम्हालाही ते पटले आणि दोन्ही शेगड्यांच्या नळ्या एकाच धुरांड्यात सोडल्या गेल्या. जानेवारीतल्या एका संध्याकाळी वीज गेली. पेलेटच्या शेगडीचा पंखा थांबला, पण भांड्यातले मूठभर पेलेट धुमसतच राहिले. पलीकडच्या खोलीत लाकडाची शेगडी मात्र जोरात पेटलेली होती. तिचा धूर वर जाण्याऐवजी बंद पडलेल्या शेगडीच्या नळीतून उलटा आला आणि आईंची खोली भरू लागली. कंदील घेऊन मी आत गेलो तेव्हा कंदिलाभोवती धुराचे कडे दिसत होते आणि आई उशाशी हात चाचपत चष्मा शोधत होत्या. खिडक्या उघडल्या, त्यांना बाहेर ओसरीवर आणले, शाल पांघरली. त्या रात्री निभावले. परंतु धूर दिसला म्हणून आम्ही सावध झालो. अर्धवट ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो आणि वासही नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे करत नाही. तो विचार आजही माझ्या मनातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी गवंड्याने धुरांड्याचा एक दगड काढला तेव्हा आत करंगळीएवढा जाड, डांबरासारखा चकचकीत काळा थर दिसला. त्याला क्रिओसोट म्हणतात. ओले लाकूड मंद जाळले की त्याच्या धुरातील वाफ आणि न जळलेली द्रव्ये वरच्या गार भिंतीवर थिजतात, थर वाढत जातो आणि एखाद्या दिवशी तोच पेट घेतो. आमच्यासारख्या घरात धुरांड्यालगतच तक्तपोशीच्या तुळया असतात, तेव्हा धुरांड्याला लागलेली आग छपरापर्यंत जायला वेळ लागत नाही. रुंद दगडी धुरांडे उघड्या फायरप्लेससाठी बांधलेले असते. बंद शेगडीचा थोडा आणि कमी तापमानाचा धूर त्यात वर जाईपर्यंत थंडावतो, ओढ कमी होते आणि थर बसतो. यावर उपाय म्हणजे त्या धुरांड्याच्या आतून स्टेनलेस स्टीलची अरुंद नळी थेट वरपर्यंत नेणे. आम्ही लाकडाच्या शेगडीसाठी तसे केले आणि पेलेटच्या शेगडीची नळी बाहेरच्या भिंतीतून स्वतंत्र वर काढली. एका धुरांड्यात दोन इंधने हा प्रकार कुणीही करू नये, विक्रेत्याने कितीही खात्री दिली तरी करू नये. दोन्ही खोल्यांत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र लावावे आणि दर पावसाळ्यानंतर, पहिली आग पेटवण्यापूर्वी, धुरांडे झाडून घ्यावे.

ऑस्ट्रिया-जर्मनीत लाकूड आणि पेलेट दोन्ही जाळणारे संयुक्त बॉयलर मिळतात. लाकडाचे ओंडके जळून संपले की यंत्र आपोआप पेलेट सुरू करते आणि तापलेले पाणी मोठ्या टाकीत साठवून नळांमधून घरभर फिरवले जाते. तिकडे महिनोन्‌महिने कडाक्याची थंडी असते, म्हणून तो खर्च योग्य ठरतो. आपल्याकडे हिमकणांच्या मोजक्या पहाटा सोडल्या तर पारा साधारण दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि घरात दोन खोल्या उबदार असल्या तरी भागते. त्यामुळे ते महागडे यंत्र इथे आणण्याची गरज नाही. दोन लहान, स्वतंत्र शेगड्या आणि त्यांचा समंजस वापर एवढे पुरेसे आहे.

आमच्याकडे पहाटे आणि संध्याकाळी पेलेट जळतात. एक किलो पेलेटपासून चांगल्या शेगडीत साधारण साडेतीन युनिट विजेइतकी उष्णता खोलीत मिळते. म्हणजे दोन किलोवॉटचा विजेचा हीटर पावणेदोन तास चालवण्याइतकी. लाकूड सकाळी अंघोळीच्या बंबाला आणि कडाक्याच्या रात्री निजण्यापूर्वी शेगडीला. वीज गेली तर सारा भार लाकडावर, कारण लाकडाच्या शेगडीला विजेची गरज नसते. घरच्या इन्व्हर्टरवर पेलेटची शेगडी चालते, मात्र पेटवताना काही मिनिटे तिला तीन-चारशे वॉट लागतात, हे इन्व्हर्टर घेताना लक्षात ठेवावे. काही जण पेलेट मूठमूठ लाकडाच्या शेगडीत टाकतात, ते टाळावे. ते जाळीतून खाली गळतात किंवा निखाऱ्यावर साचून धूर करतात.

लाकडाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आहे आणि इथे जळणासाठी झाड तोडणे हा विषयच संपला पाहिजे. आम्ही जाळतो ते पावसाळी वाऱ्यात पडलेल्या सिल्व्हर ओकच्या आणि जांभळाच्या फांद्यांचे लाकूड. ताज्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असते आणि आगीची बरीच ताकद ते पाणी आटवण्यात जाते. गुऱ्हाळावर चुलवाणात ओले चिपाड कुणी घालत नाही, आधी ते अंगणभर पसरून उन्हात खडखडीत वाळवतात; हीच शिस्त घरच्या जळणाला का लावली जात नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. लाकूड फोडून, जमिनीपासून वर, पत्र्याखाली पण चारी बाजूंनी मोकळ्या हवेत एक पुरा उन्हाळा आणि शक्य झाल्यास दोन उन्हाळे रचून ठेवावे. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून पाहाव्यात: वाळलेल्या असतील तर टण्ण आवाज येतो, ओल्या असतील तर बद्द.

पेलेटचा शत्रूही पाणीच. पहिल्या वर्षी जूनमध्ये उरलेली दोन पोती पडवीत ठेवली होती. गणपतीच्या सुमारास उघडली तर आत कांडी म्हणून उरली नव्हती, सारा फुगलेला भुसा झाला होता. आता आम्ही तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यांत, झाकण लावून, फळीवर ठेवतो. अशा एका डब्यात दहा किलोंच्या आसपास पेलेट मावतात आणि ते आम्हाला दोन दिवस पुरतात.

आता मागणी. पेलेट आणि पांढरा कोळसा म्हणून विकल्या जाणाऱ्या ब्रिकेट (भुसा व काडीकचरा दाबून केलेले जाड ठोकळे) आपल्या भागाला नव्या नाहीत, पण ती विक्री कारखान्यांच्या बॉयलरसाठी, टनाच्या हिशेबाने होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक वीजकेंद्रांत कोळशाबरोबर पाच टक्के पेलेट जाळण्याचे धोरण जाहीर केले, त्यामुळे हा माल मोठ्या गिऱ्हाइकांकडे जाणे स्वाभाविक आहे आणि त्याला माझा विरोध नाही. परंतु घरासाठी दहा-पंधरा किलो घ्यायला जाणाऱ्याला तो कशाचा केला आहे, हेसुद्धा कुणी सांगत नाही. लाकडाच्या भुशाचे म्हणून एकदा आम्हाला दिलेले पेलेट दुसऱ्याच दिवशी भांड्यात वितळून फुटक्या बाटलीच्या काचेसारखे घट्ट बसले. उलथन्याने खरवडून काढावे लागले. बॉयलरवाले त्याला क्लिंकर म्हणतात. उसाच्या पाचटात आणि शेतातील इतर अवशेषांत पोटॅश व सिलिका अधिक असते, त्यामुळे त्यांची राख कमी तापमानाला मऊ होऊन चिकटते. बॉयलरमध्ये ती काढण्याची सोय असते, घरच्या शेगडीत नसते. युरोपात घरगुती वापराच्या 'ए१' दर्जाच्या पेलेटचा व्यास ६ किंवा ८ मिलिमीटर, ओलावा १० टक्क्यांपर्यंत आणि राख ०.७ टक्क्यांपर्यंतच चालते आणि तो दर्जा पिशवीवर छापलेला असतो.

पाचटाचा इंधन म्हणून अभ्यास आपल्याच जिल्ह्यात, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, झाला आहे आणि त्याविषयी मला आदर आहे. तरीही पाचट शेतातच कुजवावे आणि घरगुती पेलेट लाकूड वखारींच्या कोरड्या भुशाचे असावेत, असे माझे मत आहे. जमिनीलाही तेच सोयीचे आणि शेगडीलाही.

तेव्हा सातारा-सांगली पट्ट्यातील पेलेट उत्पादकांनी घरगुती वापरासाठी दहा किलोच्या, ओल न शिरणाऱ्या पिशव्या काढाव्यात आणि त्यांवर कच्चा माल, ओलावा व राखेचे प्रमाण मराठीत छापावे. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या नगरपरिषदांनी वन विभागाच्या संमतीने पावसाळ्यात पडलेल्या फांद्या एका ठिकाणी आणून, फोडून, वर्षभर वाळवून वजनावर विकाव्यात. आणि जुन्या बंगल्यांच्या दुरुस्तीला परवानगी देताना धुरांड्याची तपासणी झाली आहे का, एवढा एक प्रश्न अर्जात घालावा. या गोष्टी मे अखेरीपर्यंत ठरल्या तर येत्या पावसातल्या फांद्या वाया जाणार नाहीत. ज्यांना दोन शेगड्यांची मांडणी प्रत्यक्ष पाहायची असेल, त्यांना आमचे घर मोकळे आहे. आईंच्या खोलीतली शेगडी त्या स्वतः लावून दाखवतात.

आपला विश्वासू,
एक वाचक,
पाचगणी, ता. महाबळेश्वर, जि. सातारा