डॉक्टरताई, माठ अजून तिथंच आहे

डॉक्टरताई,

स. न. वि. वि.

साखरेमुळं माझा डावा पाय गुडघ्याखाली कापला, त्याला येत्या आषाढात तीन वर्षं होतील. तुमच्याकडं आलो तेव्हा शिबिरात मिळालेला जयपूर फूट, म्हणजे नकली पाय, होता, पण तो दाराआड उभा असायचा. टोचतो म्हणून फक्त लग्नाकार्याला घालायचो.

तुम्ही विचारलंत, "काका, उरलेल्या पायावर मोजे किती चढवता?" एकच. गुडघ्याखाली उरलेला भाग दिवसभरात आकसतो, सकाळी घट्ट बसलेला नकली पाय दुपारी सैल होऊन खालीवर होतो आणि कातडी सोलवटते, हे तेव्हा कळलं. दुपारी वर आणखी एक मोजा, बस्स! चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला स्वतःचं माप ढिलं झालेलं कळू नये?

व्यायामाचा कागद दिला असतात तर तो कापडाच्या ढिगात गेला असता. त्याऐवजी तुम्ही पाण्याचा माठ दुकानाच्या दुसऱ्या टोकाला न्यायला लावलात आणि गिऱ्हाइकाचं माप पोराकडून न घेता मीच उभं राहून घ्यायचं, असं बजावलंत. पहिला आठवडाभर तुमचा रागच आला. आता तहान नसली तरी उठतो.

रात्री पाय काढला की आरसा धरून बघतो. लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशी पाय घालायचा नाही. उजव्या तळव्यालाही तोच आरसा. हा नेम आमच्या हिनं पाठ केलाय, मला विसरू देत नाही.

हा रबरी पाय १९६८ च्या सुमारास जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठी यांनी घडवला, अनवाणी चालता यावं, मांडी घालता यावी म्हणून, हे तुम्हीच सांगितलंत. म्हणून वाईच्या ढोल्या गणपतीला चप्पल बाहेर काढून जाऊन आलो. मग कृष्णेच्या घाटावर. उतरताना जयपूरचा पाय आधी, चढताना आपला आधी, हे मनात घोकत अकरा पायऱ्या उतरलो. पुढच्या दोन शेवाळलेल्या होत्या. हिनं सदऱ्याला धरून मागं ओढलं. त्या दोन उन्हाळ्यात बघू.

तुमच्या पांढऱ्या कोटाचा खिसा उसवलेला बघितला होता. घेऊन या, शिवून देतो. पैशाचं नाव काढायचं नाही.

तुमचा,
वाईचा शिंपीकाका